दिवाळीनंतरचा पट

बेल्ह्याच्या बाजारात लोक बैल बघायला येतात, शेळ्या बघायला येतात. आमच्या मोठ्या बाई पोरं बघायला जायच्या. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्याच बाजारच्या दिवशी, शाळा सुटल्यावर, खांद्याला कापडी पिशवी अडकवून त्या गोडीशेवेच्या दुकानापाशी उभ्या राहत. बाजारच्या दिवशी मजुरांना सुट्टी असते, सगळं बिऱ्हाड बाजाराला येतं आणि आई तेल-मीठ घेईपर्यंत पोरं गोडीशेवेभोवती घुटमळतात, हा त्यांचा हिशेब. एखादं सात-आठ वर्षांचं पोर दिसलं की विचारायच्या, "कितवीला तू?" पोर गप्प राहिलं की त्याची आई शोधून काढायच्या. एकदा एका बाईला त्या मुकादमीणच वाटल्या. तिने विचारलं, "काय रोज देता?" "रोज न्हाई देत," बाई म्हणाल्या, "मी पोरं घेते. किती हायेत तुला?" ती बिचारी दोन्ही पोरांना पदराआड घेऊन मागे सरकली. मग तिला खरं काय ते समजावण्यात आमचा अर्धा तास गेला.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पिंपरी पेंढारच्या पुढे, ओढ्याकाठच्या एका वस्तीवर आमची दोन खोल्यांची झेडपीची शाळा. वर्ग पहिली ते चौथी, शिक्षक दोन. त्या मोठ्या बाई, म्हणून मी बारक्या बाई. खरं तर उंचीने मी त्यांच्यापेक्षा वीतभर जास्त होते, पण वस्तीने एकदा नाव ठेवलं की ठेवलं. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. त्यातले शेवटचे सहा महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते, हेही आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की वाटायचं, हिचं बाईंशी फार गूळपीठ होतं.

मी नवीन आले तेव्हा वस्तीवरच्या बागायतदारांची पोरं आमच्याकडेच यायची. मग फाट्यावर इंग्रजी शाळा निघाली आणि तिची पिवळी गाडी वस्तीवर यायला लागली. दर जूनला आमची तीन-चार पोरं गळ्यात टाय अडकवून त्या गाडीत चढायची. दुसऱ्या कुणी असतं तर तोंड फिरवून घेतलं असतं. बाई गाडीच्या वेळेला मुद्दाम फाटकात येऊन उभ्या राहायच्या. शाळेपुढच्या खड्ड्यामुळे गाडी सावकाश व्हायची. खिडकीत ओळखीचं तोंड दिसलं की बाई ओरडून विचारायच्या, "सात सक?" पोरगं हसत ओरडायचं, "बेचाळीस!" ड्रायव्हर सुरुवातीला चिडून हॉर्न वाजवायचा. पुढे पुढे तो फाटकाशी मिनिटभर गाडी उभीच करायला लागला. "पोरं त्यांची असतील, पाढे माझे आहेत," बाई म्हणायच्या.

शाळा समितीचे अध्यक्ष वस्तीवरचेच एक बागायतदार होते. माणूस मोकळा, शाळेच्या कामाला पहिला धावणारा. पण त्यांची मुलगी आमच्याकडे तिसरीत आणि धाकटा मुलगा पिवळ्या गाडीत. बाईंनी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं होतं, "अध्यक्ष, पोरगी आमच्याकडं आणि पोरगा गाडीत, असं का?" अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमी शिकवता लई भारी. पन पोराला पुढं इंग्लिश लागतं." बाई म्हणाल्या, "आणि पोरीला?" दुसऱ्या दिवसापासून बाईंनी त्या मुलीला रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास इंग्रजी वाचायला बसवलं. वर्षभरात ती घरी भावाचा अभ्यास घ्यायला लागली.

वस्तीची पोरं अशी जात होती आणि दुसरीकडून दुसरी पोरं येत होती. पश्चिमेकडच्या डोंगरातली माणसं दिवाळीपर्यंत आपली भातकापणी उरकतात आणि मग आमच्या बाजूला कांद्याच्या लागणीला, काढणीला येतात. ओढ्याच्या कडेला पालं पडतात. होळीला माघारी जातात. त्यांच्याबरोबर त्यांची पोरं. पण सरकारदरबारी शाळेत शिक्षक किती, हे सप्टेंबरअखेरच्या पटावर ठरतं. पट वीसच्या वर असेल तर दोन शिक्षक, नसेल तर दुसरा अतिरिक्त. सप्टेंबरात ही पोरं डोंगरातल्या आपल्या शाळेत असतात, तिथेच त्यांची नावं असतात. आमच्याकडे ती दिवाळीनंतर येतात, म्हणजे कागदावर येतच नाहीत. पुस्तकं पटाप्रमाणे, खिचडीचा तांदूळ पटाप्रमाणे, शिक्षक पटाप्रमाणे. वर्ग मात्र दुपटीने भरलेला.

यातल्या मोठ्या मुलींना शाळेत आणणं सगळ्यात अवघड, कारण बारकी भावंडं त्यांच्या कडेवर असायची. एका पालावर एका आईने स्पष्ट सांगितलं, "पोरगी साळंत आली तर बारकं कोन बघंल? आमी दोघं वावरात असतो." बाई म्हणाल्या, "बारक्यालाबी आन. आमी दोघी हाये की." या 'दोघीं'मधली दुसरी मी, आणि मला कुणी विचारलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन खिडक्यांच्या गजांना लुगड्याची झोळी बांधली गेली. पुढचे चार महिने मी एका हाताने झोळीला झोका देत दुसऱ्या हाताने फळ्यावर भागाकार लिहिला. ट्रेनिंगला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी कुरकुरले तर बाई म्हणाल्या, "तुझं पोर तुझी सासू सांभाळते म्हणून तू इथं उभी आहेस. हिला सासू नाही."

तांदळाचं त्यांनी निराळंच केलं. ज्यांच्या कांद्यात ही माणसं राबत होती, त्या एकेकाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, देणगी हा शब्दही काढला नाही. सरळ म्हणाल्या, "तुमच्या वावरातल्या मजुरांची पोरं माझ्या वर्गात आहेत. ती अर्धपोटी बसणार नाहीत. शिधा कधी पाठवताय?" बागायतदार माणसाला असं ऐकायची सवय नसते. एक-दोघे फुरंगटले. पण घरातल्या बायकांनी आतून बाजरीचं पीठ आणि डाळ काढून दिली, आणि आमच्या शाळेत दिवाळी ते होळी खिचडीबरोबर भाकरीही मिळू लागली.

एका जानेवारीत तपासणीला साहेब आले. माणूस म्हणून वाईट नव्हते, कामाने पिचलेले होते. पटावर एकवीस नावं आणि समोर बसलेली पोरं दुपटीहून जास्त, हे बघून ते दारातच थबकले. झोळीकडे बघून तर त्यांनी चष्मा पुसला.

"बाई, हे काय आहे?"

"ते चार वर्षांनी पहिलीत यायचंय, साहेब. आत्तापासून हजर आहे."

"आणि ही बाकीची? यांची नावं इथं नाहीत."

"नावं त्यांच्या डोंगरातल्या शाळेत आहेत. पोरं इथं आहेत."

"मग तुम्ही यांना कोणत्या आधारावर बसवलं?"

बाई बाजूला झाल्या आणि सगळा वर्ग त्यांना दाखवला. "यातल्या कुणाला शिकवू नको ते बोट दाखवून सांगा, आणि लेखी द्या. उद्यापासून बंद करते."

साहेबांनी बोट दाखवलं नाही. चहा घेतला, शेरेबुकात 'शाळेचा परिसर स्वच्छ आहे' असं लिहिलं आणि गेले.

पोरं बसवून घेणं एवढ्यावर बाईंचं भागत नव्हतं. डोंगरात ती कुठवर शिकली हे कळल्याशिवाय इथे पुढे काय शिकवणार? म्हणून एका मेच्या सुट्टीत त्या एसटीने आंबेगावच्या पश्चिमेला, जिथून सगळ्यात जास्त पोरं येत त्या गावी गेल्या आणि तिथल्या गुरुजींना भेटल्या. दोघांनी ठरवलं, प्रत्येक पोराची एक वही. दिवाळीला निघताना गुरुजींनी त्यात लिहायचं, वजाबाकी हातच्याची येते, जोडाक्षरं कच्ची आहेत. होळीला परतताना बाईंनी लिहायचं. त्या वह्या पिशवीत घालून, भांड्याकुंड्यांबरोबर टेंपोत बसून, दरवर्षी खाली यायच्या आणि वर जायच्या. त्याच सुमारास बाईंनी एक अर्जही करायला सुरुवात केली. दिवाळी ते होळी वरच्या शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एक खाली द्यावा, कारण पोरं खाली आहेत. एवढाच अर्ज, चार ओळींचा. दर दिवाळीला जायचा. उत्तर कधी आलं नाही.

मग आमच्यावर वेळ आली. चौथीचा मोठा वर्ग बाहेर पडला, पहिलीत तिघंच आली आणि जूनमध्ये पट सतरावर उतरला. सप्टेंबरपर्यंत चार पोरं वाढली नाहीत तर दुसरी जागा जाणार होती. म्हणजे मी जाणार होते. माझं घर आळेफाट्याला, मुलगा तीन वर्षांचा, शाळा स्कूटीवर वीस मिनिटं. अतिरिक्त ठरलेल्या माणसाला जिल्ह्यात कुठेही टाकतात.

अध्यक्षांनी तोडगा काढला. ऑफिसात बसून हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्यात काय यवढं? डोंगरातल्या चार पोरांचे दाखले आत्ताच इकडं आणू. दिवाळीला येनारच हायेत ती. आई-बापाला मी सांगतो, मुकादम माझ्या वळखीचा हाय. सप्टेंबरला नावं आपल्याकडं दिसली की झालं. बारक्या बाई ऱ्हातील."

"पोराचं आधार कार्ड एकाच शाळेला जोडता येतं," बाई म्हणाल्या. "म्हणजे वरचं नाव जाणार. वरच्या शाळेचा पट बावीस आहे. चार काढले की राहिले अठरा. मग तिथली दुसरी जागा जाईल. आणि दिवाळीपर्यंत वर पोरं बसणार कुठं?"

"त्ये आपन कशाला बघायचं? त्यांचं त्ये बघतील."

"मी बघते ना. माझ्या वह्या जातात तिथं."

अध्यक्ष गेल्यावर मी बाईंपुढे रडले. खरं तर भांडले. सगळीकडे असं करतात, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, "सगळे करतात ना, मग मी एकटीनं नाही केलं तर काही बिघडत नाही." मी म्हणाले, बाई, माझं पोर लहान आहे. "तुझ्यासाठी मी साहेबांशी भांडेन, उपोषणाला बसेन," त्या म्हणाल्या. "पण वरच्या पोरांचा गुरुजी खाऊन तुला इथं ठेवणार नाही." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले.

त्यांना ते कळत होतं, तरी त्या बदलल्या नाहीत. उलट दोन महिने रोज संध्याकाळी वस्तीवरच्या घरोघर फिरल्या. चार पोरं खरीखुरी पाहिजेत, गाडीतून उतरवून पाहिजेत, असं म्हणत. अध्यक्षांच्या ओट्यावर जाऊन म्हणाल्या, "चार पाहिजेत. एक तुमच्याच घरात आहे. तुमची पोरगी त्याला शिकवतेय, ती कुठं शिकली?" अध्यक्ष खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिले. मुलगा काही गाडीतून उतरला नाही. दुसऱ्या दोन घरांनी मात्र आपली पोरं परत पाठवली. पट झाला एकोणीस. सप्टेंबर संपला. दोन पोरं कमी पडली.

माझा आदेश आला जानेवारीत. सप्टेंबरच्या पटावर निघालेला कागद फिरत फिरत पोचला तेव्हा पालं पडून दीड महिना झाला होता, वर्गात त्रेचाळीस पोरं होती आणि झोळीत एक. पालकांनी वर्गणी काढून निरोपाला शाल आणि नारळ आणला होता. बाईंनी तो ठेवून दिला. "निरोप कसला? ही स्वतः चालली का?" त्या म्हणाल्या. "हाकलतायत तिला. हाकललेल्या माणसाला शाल पांघरून आपण त्यांच्या कामाला शोभा आणायची नाही." शेवटच्या घंटेपर्यंत त्यांनी मला चौथीला अपूर्णांक शिकवायला लावले. शाळा सुटल्यावर कार्यमुक्तीच्या कागदावर सही करायची होती. मुख्याध्यापक म्हणून ती त्यांनाच करावी लागणार होती. सहीच्या वर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'आज वर्गात हजर मुले त्रेचाळीस. उद्यापासून शिक्षक एक.' आणि सही केली. मी पाया पडायला वाकले नाही. अजून राग होता. त्यांनीच माझ्या स्कूटीच्या हँडलला शेंगांची पिशवी अडकवली. "पोराला दे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तालुक्यात जागा नव्हती. जिल्हा परिषदेत जाऊन जिल्ह्याच्या यादीतून शाळा निवडायची होती. पडद्यावर रिकाम्या जागा दिसत होत्या आणि त्यांत ते आंबेगावच्या डोंगरातलं नाव होतं. तिथली दुसरी जागा बदलीने नुकतीच मोकळी झाली होती. त्याहून जवळच्या दोन शाळा यादीत होत्या. मी ती घेतली, कारण तिथल्या सतरा पोरांना मी नावाने ओळखत होते. अध्यक्षांचं ऐकून बाईंनी चार दाखले आणले असते तर ती जागा यादीत दिसलीच नसती, हे मला खुर्चीतून उठताना सुचलं. माझा राग तिथेच ओसरला असं म्हणणार नाही. पण पूर्वीसारखा तो टिकेना.

वर गेल्यावर पहिल्या दिवाळीनंतर एका सकाळी गावात टेंपो लागला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं आणि पोरं त्यात चढली. बावीसमधली सतरा गेली. वर्गात उरली पाच, आणि शिकवायला गुरुजी आणि मी असे दोघं. पाच पोरांना दोन शिक्षक. खाली बाई एकट्या चाळिसावर पोरं घेऊन बसल्या होत्या, झोळी हलवायलाही कुणी नव्हतं. मी तो सगळा हिवाळा पाच पोरांची अक्षरं सुधारत काढला. मला लाज वाटत होती, आणि मी काही केलं नाही.

मेमध्ये बाई निवृत्त झाल्या. ऑक्टोबरात, दुखरे गुडघे घेऊन, एसटीतून उतरून चढ चढत त्या माझ्या शाळेत आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि पहिला प्रश्न विचारला, "अर्ज टाकलास?"

"कसला, बाई?"

"माझाच. आता तो तू करायचा. मी आता बाहेरची."

"बाई, तुम्ही इतकी वर्षं केलात. कधी उत्तर आलं?"

"नाही आलं. म्हणजे नाही म्हणालेले नाहीत. एकदा तरी कुणी लेखी नाही म्हटलंय का?"

"नाही."

"मग टाक. आणि जा."

"परवानगीशिवाय?"

गुरुजी शेजारी पोरांच्या वह्या भरत बसले होते. बाईंनी त्यांना विचारलं, "गुरुजी, पाच पोरं तुम्ही एकटे सांभाळाल का?" गुरुजी वहीतून मान वर न करता म्हणाले, "पाच? मी नव्वद सांभाळलीत, बाई. जाऊ द्या यांना."

मी अर्ज टाकला. पंधरा दिवस वाट बघितली. टेंपो लागला त्या सकाळी मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मांडीवर सतरा वह्या घेऊन. पोरांना वाटलं, बाई बाजाराला चालल्या. खाली आमच्या जुन्या शाळेत एक नवीन तरुण सर एकटेच होते. मला आणि माझ्या मागे उतरणाऱ्या पोरांना बघून त्यांनी एक वर्ग झाडून दिला. लोक म्हणाले, घराजवळ यायला मिळालं म्हणून आली. तेही खोटं नाही. चार महिने मी रात्री माझ्या पोराशेजारी झोपते आणि दिवसा माझ्या पोरांना शिकवते. यात मला लपवण्यासारखं काही दिसत नाही.

जानेवारीत कारणे दाखवा नोटीस आली. मूळ शाळा सोडून विनापरवाना अन्यत्र काम केल्याबद्दल आपली वेतनवाढ का रोखू नये, खुलासा सात दिवसांत. मी खुलासा लिहिला. सतरा पोरांची नावं, त्यांच्या आईबापांची पालं कुठे आहेत, कोण कुठवर शिकलं, सगळं लिहिलं. अर्जाची प्रत जोडली. नवऱ्याने वाचला, म्हणाला बरा झालाय. रविवारी तो घेऊन मी बाईंच्या गावी गेले. त्या ओट्यावर वाल निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली, पुन्हा वाचली आणि घरात हाक मारून नातीकडून लाल पेन मागवलं. मी म्हटलं, चुकलं का काही? त्यांनी दुसऱ्या पानावरची शेवटची ओळ मला दाखवली. 'झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.' शेवटी असं लिहायची पद्धत असते म्हणून मी लिहिली होती. बाईंनी तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली आणि कागद माझ्या हातात दिला.

"बाकी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "शुद्ध लिहून काढ."

मी तिथेच ओट्यावर बसून सगळं पुन्हा लिहून काढलं, ती ओळ सोडून.